लहान व्यवसायाच्या जाहिरातीसाठी परवडणारी एआय साधने: आपला अनुभव लिहा

नमस्कार. मी सांगलीत लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्याचे आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत किराणा दुकानदार आहेत, बेदाण्याचे व्यापारी आहेत, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत. अलीकडे त्यांच्या खर्चात एक नवीन बाब दिसू लागली आहे: कुठे जाहिरातीची चित्रे बनवण्याच्या कॅनव्हा या साधनाची वर्गणी, कुठे एआय लेखनसाधनाची, तर कुठे एखाद्या एजन्सीने ‘एआय मार्केटिंग पॅकेज’ या नावाखाली लावलेले मासिक शुल्क. पहिल्या दोन रकमा सहसा बोचत नाहीत. तिसरी मात्र पुष्कळदा दुकानाच्या वीजबिलाहून मोठी असते, आणि त्या पॅकेजमध्ये नेमके काय मिळाले असे विचारले, तर सणावारांच्या शुभेच्छांची चित्रे आणि चार-दोन पोस्ट यांपलीकडे उत्तर मिळत नाही. एवढे काम दुकानदाराला स्वतःच्या फोनवर करता येते, असे माझे ठाम मत आहे.

साधनांच्या किमतीही पुष्कळ खाली आल्या आहेत. ओपनएआयने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतासाठी चॅटजीपीटी गो ही दरमहा ३९९ रुपयांची योजना आणली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती वर्षभरासाठी मोफत देऊ केली. जिओने पात्र ग्राहकांना गूगलच्या जेमिनीची सशुल्क योजना १८ महिने, तर एअरटेलने पर्प्लेक्सिटी या एआय शोधसाधनाची योजना वर्षभर विनामूल्य दिली. मात्र या सर्व सवलतींना मुदत आहे, आणि ती संपल्यावर पैसे मोजावेत की नाही हे ठरवण्यासाठी दुसऱ्यांचे अनुभव हाताशी हवेत. म्हणून विनंती अशी की, कोणते साधन वापरले, खर्च किती आला, कोणत्या कामात उपयोग झाला आणि कुठे ते कुचकामी ठरले, हे या धाग्यावर तपशिलाने लिहावे. ‘खूप छान आहे’ एवढ्यावरून कोणालाही निर्णय घेता येत नाही.

आंबा बागायत, पावस, जि. रत्नागिरी

आमचा विक्रीचा काळ मार्च ते मे एवढाच असतो, आणि त्यातही खरी धांदल अक्षय्य तृतीयेच्या आसपास उडते. त्या दिवसांत पुण्या-मुंबईच्या ग्राहकांचे प्रश्न ठरलेले असतात: पेटीत किती डझन, फळ किती ग्रॅमचे, आंबा तयार येणार की कच्चा, घरी अढी कशी लावायची, डोंबिवलीला पोहोच होईल का. तोडणी चालू असताना प्रत्येकाला सविस्तर लिहिणे शक्य होत नसे, आणि उत्तर उशिरा गेले की ग्राहक दुसरीकडे वळत असे. व्हॉट्सअॅप बिझनेस या विनामूल्य अॅपमध्ये तयार उत्तरे साठवण्याची सोय आहे. जेमिनीला आमची सर्व माहिती एकदा मराठीत बोलून सांगितली आणि त्याच्याकडून ही उत्तरे लिहून घेतली. भाषा नीटनेटकी होती. अढीविषयीचे उत्तर तर मी जवळजवळ तसेच ठेवले.

तरीही दोन ठिकाणी कात्री लावावी लागली. एका उत्तरात त्याने आमच्या रत्नागिरीच्या फळाला ‘देवगड हापूस’ म्हटले होते, आणि दुसऱ्यात ‘पूर्णपणे सेंद्रिय’ असे परस्पर लिहून टाकले होते. मोहोरावर तुडतुडे किंवा भुरी आली की आम्ही फवारणी करतो, आणि विचारणाऱ्याला तसे सांगतोही. त्यामुळे तो शब्द काढून ‘गवताच्या अढीत पिकवलेला, कार्बाइड न वापरलेला’ एवढेच ठेवले. कार्बाइडने फळ पिकवण्यास कायद्यानेच बंदी आहे, तरी ग्राहकाला ते लिहून दिलेले हवे असते.

आणखी एक गोष्ट नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी सांगतो. एकच निरोप अनेकांना एकदम पाठवण्याच्या व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात, आणि ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो निरोप पोहोचतो. त्यामुळे पेटीत आम्ही एक छोटी चिठ्ठी घालतो आणि क्रमांक जतन करण्याची विनंती करतो. पुढच्या हंगामात या चिठ्ठीचा जेवढा उपयोग होतो, तेवढा कोणत्याही एआय साधनाचा झालेला नाही.

घरगुती पिठे व मसाले, सोलापूर

मी भाजणी, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला आणि जांभळाच्या बियांचे चूर्ण विकते. माझा अनुभव मुख्यतः चूर्णाबाबतचा आहे, आणि खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येक भगिनीने तो वाचावा असे मला कळकळीने वाटते.

चॅटजीपीटीला मी उत्पादनाचे नाव देऊन इन्स्टाग्रामसाठी मजकूर मागितला, तेव्हा त्याने पहिल्याच ओळीत ‘मधुमेहावर रामबाण उपाय’ असे लिहून दिले. मजकूर आकर्षक होता, यात शंका नाही. पण औषधे व जादूटोणा उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करण्यास मनाई करतो, त्यांत मधुमेह आहे. आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला पहिल्या वेळीच १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्यासारखीच्या वर्षाच्या उलाढालीपेक्षा ही रक्कम मोठी आहे. शिवाय, कोणी ते वाचून डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या तर त्याचे काय, हा प्रश्न दंडाहूनही मोठा आहे.

आता मी प्रत्येक नव्या संवादाच्या सुरुवातीलाच सूचना देते: ‘कोणत्याही आजाराचे नाव घेऊ नकोस. बरे होते, रामबाण, शंभर टक्के, डॉक्टरांनी सुचवलेले, असे शब्द वापरू नकोस. घटक, चव, वापरण्याची पद्धत आणि टिकण्याचा काळ एवढेच लिही.’ यानंतर मिळणारा मजकूर बराच सुधारतो, तरी शेवटचे वाचन माझेच असते, कारण कधीकधी ‘रक्तातील साखरेचे संतुलन’ असे आडवळणाने तेच येते.

भाजणीच्या बाबतीत मात्र साधनाने मनापासून मदत केली. पाकिटामागे छापण्यासाठी थालीपीठ लावण्याची कृती मला कमी शब्दांत हवी होती. पाणी कोमट घ्यावे, पीठ भिजवून थोडे मुरू द्यावे, मधोमध भोक पाडून तेल सोडावे, हे सगळे मी बोलत गेले आणि त्याने सहा ओळींत बसवून दिले. खर्च शून्य. कॅनव्हाची विनामूल्य आवृत्ती मला पुरते. फोटोमागची पार्श्वभूमी काढण्याची सोय तिथे सशुल्क आहे, म्हणून मी फोटोच पांढऱ्या कापडावर, खिडकीजवळ घेते.

पैठणी विणकाम व विक्री, येवला

सप्टेंबर २०२५ मध्ये जेमिनीवर स्वतःचे साडीतले फोटो बनवून घेण्याची लाट आली होती, तेव्हा अनेक ग्राहकांनी आम्हाला विचारले की, तुम्हीही आपल्या पैठण्या अशाच मॉडेलच्या अंगावर का दाखवत नाही? मॉडेल, मेकअप आणि छायाचित्रकार यांचा खर्च एका चांगल्या साडीच्या नफ्याइतका होतो, त्यामुळे ही कल्पना मोहात पाडणारी होती.

आम्ही मागावरून उतरलेल्या एका साडीचा फोटो देऊन चित्र तयार करून घेतले. दूरून पाहता ते अतिशय सुंदर दिसत होते. जवळून पाहिल्यावर पदरावरच्या मुनियांच्या चोची नाहीशा झाल्या होत्या, काठावरची नारळीची नक्षी मध्येच तुटून निराळ्याच वेलीत गेली होती, आणि जरीची चमक सगळीकडे एकसारखी, छापील कापडासारखी आली होती. हातमागाच्या पैठणीत उलट्या बाजूनेही नक्षी स्वच्छ दिसते, आणि जाणकार ग्राहक पदर उलटून तेच पाहतो. जी नक्षी आमच्या मागावर विणलीच गेली नाही, ती दाखवून हजारो रुपयांची साडी विकणे हे विणकराच्या कष्टांशी आणि ग्राहकाशी दोघांशीही अप्रामाणिकपणाचे आहे. सध्या यंत्रमागाच्या साड्या पैठणी म्हणून सर्रास खपत असताना तर आम्ही चित्रांच्या बाबतीत अधिकच काटेकोर राहायला हवे.

म्हणून साडीचे फोटो आम्ही खरेच ठेवतो: एक पदराचा, एक काठाचा, एक उलट्या बाजूचा आणि एक मागावर काम चालू असतानाचा. एआयचा उपयोग लिखाणासाठी करतो. बंगळूरू आणि हैदराबादचे ग्राहक इंग्रजीत विचारतात. आम्ही मराठीत उत्तर बोलतो आणि साधन ते इंग्रजीत करून देते. त्यातही ‘असावली’, ‘बांगडी मोर’, ‘नारळी’ ही नावे जशीच्या तशी ठेव, त्यांचे भाषांतर करू नकोस, असे प्रत्येक वेळी बजावावे लागते.

ब्यूटी पार्लर, अकोला

माझे सांगणे थोडक्यात आहे. गूगल बिझनेस प्रोफाइल विनामूल्य आहे. तिथे वेळा, दरपत्रक आणि खरे फोटो भरले, आणि आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला उत्तर दिले, तर ‘जवळचे पार्लर’ शोधणाऱ्या मुली येतात. उत्तरांचा मसुदा मी एआयकडून घेते आणि त्यात त्या ग्राहकाच्या कामाचा एखादा उल्लेख स्वतः घालते, नाहीतर सगळी उत्तरे एका छापाची दिसतात. एका विक्रेत्याने पैसे घेऊन पन्नास चांगले अभिप्राय टाकून देतो असे सुचवले होते. मी स्पष्ट नकार दिला.

डीटीपी व फ्लेक्स छपाई, लातूर

वरील सर्वजण साधने वापरणारे आहेत. मी त्यांच्या पलीकडच्या बाजूला बसलेलो आहे. पूर्वी ग्राहक कागदावर मजकूर लिहून आणत असे, आता तो फोनवर तयार चित्र दाखवतो आणि ‘एवढेच छापून द्या’ म्हणतो. डिझाइनचे पैसे त्यामुळे कमी झाले, हे खरे आहे. पण ती चित्रे जशीच्या तशी छापता येत नाहीत, आणि याची कारणे ग्राहकांना समजली तर त्यांचेही पैसे वाचतील.

पहिले कारण देवनागरीचे. चित्र बनवणारी साधने सुधारली आहेत, तरी ‘श्री’, ‘उद्घाटन’, ‘ज्वेलर्स’ अशा शब्दांतली जोडाक्षरे अजूनही मोडतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, आणि चित्रातल्या मजकुराचा एक शब्दही सहज बदलता येत नाही. उद्घाटनाच्या फलकावर ‘उद्घाटन’ हाच शब्द चुकलेला मी पाहिला आहे. यावर सोपा उपाय असा की, साधनाकडून केवळ चित्र घ्यावे, ‘यात कोणताही मजकूर नको आणि वरच्या भागात जागा मोकळी ठेव’ असे सांगावे, आणि अक्षरे नंतर कॅनव्हात किंवा आमच्याकडे टाकावीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे देवनागरी फॉण्ट गूगल फॉण्ट्सवर विनामूल्य आहेत. फॉण्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात की हिंदी, एवढे तपासून घ्यावे.

दुसरे कारण मापाचे. या साधनांतून येणारे चित्र पुष्कळदा १०२४ बाय १०२४ पिक्सेलचे असते. चांगल्या छपाईला इंचाला ३०० बिंदू धरले, तर ते जेमतेम साडेतीन इंच होते. फ्लेक्स लांबून पाहायचा असल्याने तिथे कमी बिंदू चालतात, पण दहा फुटांपर्यंत ताणले की चेहरे फाटतात. त्यात ते चित्र व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोसारखे पाठवले तर आणखी दबते; ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

मी आता डिझाइनचे वेगळे दर न लावता ‘दुरुस्ती व छपाईपूर्व तयारी’ असे शुल्क घेतो. काम टिकून आहे.

निवासव्यवस्था, पेडणे, गोवा

आमच्याकडे तीन खोल्या आहेत. रशियन, हिंदी, इंग्रजी अशा निरनिराळ्या भाषांतून चौकशी येते, आणि भाषांतरासाठी ही साधने मला खरोखर उपयोगी पडतात. मात्र घराचे वर्णन लिहायला सांगितले की ‘समुद्रकिनाऱ्यालगत’ हा शब्द ती हमखास घालतात. आमचे घर किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर नाही. पाहुण्याने येऊन निराश होण्यापेक्षा आम्ही आधीच काजूची बाग, विहीर आणि स्कूटर भाड्याने मिळण्याची सोय यांविषयी लिहितो, आणि ज्यांना तेच हवे असते ते लोक येतात.

शिकवणीवर्ग, नागपूर

एक प्रश्न विचारतो. माझ्याकडे पालकांची नावे आणि फोन क्रमांकांची यादी आहे. ती चॅटजीपीटीला देऊन प्रत्येकासाठी वेगळा निरोप तयार करून घ्यावा काय?

धागाकर्ता, सांगली

सर, यादी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पालकांनी क्रमांक आपल्याला मुलाच्या शिकवणीसाठी दिला आहे. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून, ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी ती वापरावी हे त्याचे मूळ सूत्र आहे. मुलांच्या माहितीबाबत तर तो अधिक कडक आहे. नावाच्या जागी कोरी जागा ठेवून साधनाकडून नमुना लिहून घ्यावा आणि नावे आपल्याच संगणकावर, एक्सेल व वर्डच्या ‘मेल मर्ज’ने भरावीत. काम तेवढेच होते आणि यादी बाहेर जात नाही.

महिला बचत गट, कोरेगाव, जि. सातारा

आमचा गट वाघ्या घेवडा, कडधान्ये आणि शेवया विकतो. गटाकडे या कामासाठी एकच फोन आहे आणि मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. सुरुवातीला साधनाने दिलेली वाक्ये ‘अस्सल चवीचा अविस्मरणीय अनुभव घ्या’ अशा धाटणीची होती. गटातल्या मावशींनी ती ऐकली आणि एकीने विचारले, ‘हे कोण बोलतंय?’

मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात याच मावशी स्टॉलवर उभ्या राहिल्या की माल संपेपर्यंत बोलतात. घेवडा रात्री भिजवायचा, सोड्याची गरज नाही, आमटीला गूळ आणि कांदा-लसणाची चटणी पुरे, अंगावरचे लाल पट्टे शिजल्यावर फिके पडतात तर घाबरू नका, असे त्या गिऱ्हाइकाला सांगतात. आम्ही ते बोलणे त्यांच्या परवानगीने फोनवर ध्वनिमुद्रित केले, साधनाकडून ते लिहून घेतले, आणि ‘याच शब्दांत, याच क्रमाने, नवीन विशेषण न घालता लहान कर’ असे सांगितले. त्या मजकुरावर चौकशी करणारे लोक थेट घेवड्याविषयी विचारतात. आधीच्या मजकुरावर नुसते अंगठे येत असत.

मोफत मुदत संपल्यावर ३९९ रुपये भरायचे नाहीत, असे गटाने बैठकीत ठरवले आहे, कारण विनामूल्य आवृत्तीत आमचे काम भागते. ती रक्कम चांगल्या पाकिटांसाठी ठेवायची आहे. लातूरच्या दादांना एक विनंती: आमच्या पाकिटावरचे लेबल ९ बाय १२ सेंटीमीटरचे आहे. त्यासाठी फाइल कोणत्या मापाची आणि कोणत्या प्रकारची द्यावी, हे कृपया इथेच लिहावे.