लिनक्सचं सॉफ्टवेअर जिथून उतरवतो तो मिरर (मूळ साठ्याची प्रत ठेवणारा सर्व्हर) बदलून खरंच फरक पडतो का? आपापले अनुभव सांगा

सुरुवात मीच करतो. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात लॅब सांभाळतो. तीस मशीन, नेटची लाइन एक. उबुंटू २४.०४ टाकून सगळीकडे एकदम अपडेट सोडलं, तर खालून ऑफिसातल्या मॅडमचा फोन : "सर, फीचं पोर्टल उघडेना, वर काय चाललंय?" मिरर तीनदा बदलला, पण लाइनच भरलेली, मिरर काय करणार? शेवटी एका जुन्या मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी (आलेली पॅकेजं साठवून, म्हणजे कॅश करून, ठेवणारा प्रोग्राम) बसवलं. बाकीच्यांना त्याचा पत्ता आणि पोर्ट ३१४२ दिला. आता पॅकेज बाहेरून एकदाच येतं, उरलेल्या मशीन ते लॅबमधूनच उचलतात.

सिडको : घरी एकच लॅपटॉप, त्यामुळे मला मात्र मिरर बदलूनच फरक पडला. जवळचा म्हणून देशातला निवडला होता, तो रडतखडत चालायचा. परदेशातला लावला तर सुसाट! मुंबई जवळच आहे हो, पण कसाऱ्याला ट्रक आडवा झाला की कळतं. नकाशावरच्या अंतरापेक्षा तुमच्या नेटवाल्याची वाट कुठून जाते ते बघा.

इंदिरानगर : सहमत. फेडोरा लिनक्समध्ये डीएनएफ या पॅकेज उतरवणाऱ्या साधनाचं 'फास्टेस्टमिरर' चालू केलं आणि उलट हळू झालं. ते फक्त कोण आधी 'ओ' देतो ते बघतं. पटकन ओ देणारा भराभर वाढेलच असं नाही. समांतर डाउनलोडचा आकडा १० केला, त्याने जास्त काम झालं.

अंबड : आमच्याकडे तपासणीच्या यंत्राला जोडलेला पीसी अजून सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर. ३० जून २०२४ ला त्याचा सपोर्ट संपला, मग 'यम' (त्यातलं पॅकेज उतरवणारं साधन) मिररची यादीच शोधत बसायचं. पत्ते 'व्हॉल्ट'कडे (जुन्या आवृत्त्यांच्या साठ्याकडे) वळवल्यावर जुनी पॅकेजं मिळाली. सुरक्षेचे नवे अपडेट तिथे येत नाहीत, म्हणून त्या पीसीचं बाहेरचं नेट काढून टाकलंय.

पंचवटी, विद्यार्थी : कुणाच्याही मिररवर विश्वास ठेवायचा कसा?

सिडको : ॲप्टपुरतं (उबुंटूत पॅकेज बसवणारं साधन) निर्धास्त राहा. पॅकेजच्या यादीवर डिस्ट्रोची (उबुंटूसारखं लिनक्स बनवणाऱ्यांची) डिजिटल सही असते आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेली ओळखखूण. मिररवाल्याने मध्ये हात घातला तर इन्स्टॉलच होणार नाही. पिपचं (पायथनची पॅकेजं आणणारं साधन) तसं नाही! हॅश स्वतः लिहून दिले नसतील तर मिरर देईल ते मुकाट्याने घेतं. तिथे ओळखीचाच मिरर बरा.

पंचवटी, विद्यार्थी : मग काल रात्री 'हॅश सम मिसमॅच' आलं ते काय? मी घाबरून बंदच केलं.

इंदिरानगर : बहुतेक मिररचं सिंक अर्धवट असताना गेलात. तासाभराने पुन्हा अपडेट मारा, नाहीतर दुसरा मिरर घ्या.

सातपूर : धागाकर्ते, कॅशचं मशीन बंद पडलं तर?

गंगापूर रोड (धागाकर्ता) : पडलं ना. मावशींनी झाडताना प्लग काढला आणि तीसच्या तीस मशीनवर ॲप्ट ठप्प. आता प्रत्येकावर छोटी स्क्रिप्ट आहे, कॅश दिसला नाही तर थेट बाहेर जाते. आणि प्लगवर चिकटपट्टी.