पोटाने श्वास घ्यायला पुण्यात कुठे शिकता येईल?

खर्जातला_बेडूक:
मंडळी, वय ४७, नोकरी हिंजवडीत, नऊ तास खुर्चीवर. दोन वर्षं सदाशिव पेठेत गाणं शिकतोय. बाई म्हणतात, "आवाज आहे, दमसास नाही." विलंबितात, म्हणजे संथ लयीत, सम (तालाची पहिली मात्रा) यायच्या आतच माझी हवा संपते. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवरही मध्ये टेकावं लागतं, म्हणून आधी डॉक्टर गाठले. छातीचा फोटो, ईसीजी, नळीत फुंकायची ती चाचणी, सगळं ठीक. म्हणाले, "तुम्ही खांद्यांनी श्वास घेता, श्वासपटल वापरा." कसं वापरतात ते? यूट्यूब बघून पोट फुगवत बसलो तर चक्कर आली. क्लास, पद्धत, काहीही सुचवा. (वजन कमी करा, हे सोडून. ते घरी रोज ऐकतो.)

टेकडीवाला:
पहिलं काम, पट्टा एक भोक सैल करा. "छाती पुढे, पोट आत" हे पीटीच्या सरांनी आपल्या पिढीच्या अंगात इतकं मुरवलंय की पोट सोडायचीच लाज वाटते.

फिजिओ_कर्वेनगर:
श्वासपटल हा फुप्फुसांखालचा घुमटासारखा स्नायू. आकसला की खाली सरकतो, फुप्फुसांना जागा होते, आणि पोटातले अवयव ढकलले गेल्यामुळे पोट वर येतं. हवा काही पोटात जात नाही! त्यामुळे पोट मुद्दाम फुगवण्यात अर्थ नाही. चक्कर बहुधा भराभर मोठे श्वास घेतल्याने आली; त्यात कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो.

उताणे झोपा, गुडघे वाकवून. एक तळवा छातीवर, दुसरा बेंबीच्या वर. सुरुवात श्वास सोडण्यापासून करा, हे बहुतेकांचं चुकतं. गरम चहावर घालतो तशी सावकाश फुंकर. श्वास सुटला की काही करू नका, नाकातून येईल तेवढा येऊ द्या. खालचा हात उचलला जाईल, वरचा जवळपास स्थिर. पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. जमलं की बसून, मग उभ्याने, पायऱ्या सगळ्यात शेवटी.

हिशोबी माणूस दिसता म्हणून सांगते: साध्या श्वासात साधारण ५०० मिली हवा येते, त्यातली १५० श्वासनळ्यांमध्येच राहते. मिनिटाला २५० मिलीचे २४ श्वास घ्या नाहीतर ५००चे १२, एकूण ६ लिटरच. पण कामी येते पहिल्यात २.४ लिटर, दुसऱ्यात ४.२.

दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्या वाचकांनी मात्र हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावं.

तंबोऱ्याची_खुंटी:
गाण्यासाठी दोन गोष्टी. खालच्या बरगड्यांभोवती ओढणी गुंडाळा आणि श्वास घेताना ती बाजूंनी, पाठीकडूनही ताणली जाते का बघा. नुसतं पोट पुढे येत असेल तर अर्धंच जमलंय. दुसरं, 'स्स्स' असा एकसारखा आवाज काढत श्वास सोडा. शेवटी भसकन सुटला तर खर्च जास्त होतोय. पेटीचा भाता हाणून मारणारे आणि बेताने चालवणारे, दोन्ही पाहिले असतीलच.

पुणे_३०:
क्लासचं कुणीच सांगितलं नाही. मॉडेल कॉलनीतली अय्यंगार योग संस्था. पण पहिल्या दिवशी प्राणायाम मिळेल अशी आशा नको, तिथे आधी आसनं. सुट्टी टाकून राहून शिकायचं तर लोणावळ्याचं कैवल्यधाम, तेही योगाचंच; स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढलं, श्वासावरचं संशोधनही तिथे जुनं. वेळा आणि प्रवेश आपले आपण विचारा.

खर्जातला_बेडूक:
तीन आठवड्यांनी लिहितोय. पहिला आठवडा झोपून केलं आणि खरंच झोपलो. ओढणीवरून घरात चौकशी झाली. पर्वतीवर अजून थांबतो, पण अर्ध्या वाटेपर्यंत न टेकता जातो. आणि परवा बाई 'दमसास' हा शब्द बोलल्याच नाहीत. सदाशिव पेठेत हे कौतुकच. एक शंका: जेवणानंतर किती वेळाने करावं?

फिजिओ_कर्वेनगर:
दोन तास तरी जाऊ द्या. आणि अर्ध्या वाटेच्या गोष्टी नकोत, पायऱ्या मोजून सांगा.