मदत हवी आहे: गळ्यात नळी, नाकात नळी, माकडहाडावर जखम, आणि रात्री एकच सिस्टर

वॉर्ड_इनचार्ज: ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. रुग्ण पुरुष, वय ५८, डोक्याच्या ऑपरेशननंतर पुढच्या देखभालीसाठी आमच्याकडे पाठवलेला. शुद्ध अर्धवट. श्वास स्वतःचा, ऑक्सिजन लागत नाही. ट्रॅकिऑस्टॉमीला (श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्राला) ८ नंबरची फुगेवाली पोर्टेक्स नळी आहे, आतली वेगळी नळी नाही. राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) दर २ तासांनी २०० मिली फीड. रात्रपाळीला एक सिस्टर, एक मावशी.

अडचणी तीन. पहाटे नळीत कफाच्या खपल्या धरतात, सक्शन कॅथेटर (कफ ओढायची बारीक नळी) आत जात नाही. झटक्यांचं औषध फेनिटॉइन सिरप दिवसातून तीन वेळा चालू असूनही झटके येतात. आणि एअर मॅट्रेस असूनही माकडहाडावरची जखम भरत नाही. कुठून सुरुवात करू?

भूलतज्ज्ञ_तालुका: नळीपासून. जीव तिथे जातो.

खपल्या धरतात कारण नाक बाजूला पडलंय आणि कोरडी हवा थेट श्वासनलिकेत जातेय. नळीच्या तोंडाला एचएमई फिल्टर (श्वासातला ओलावा धरून ठेवणारा) लावा, २४ तासांनी किंवा कफाने भरला की आधीच बदला. शिवाय दर ६ तासांनी ३ ते ५ मिली नॉर्मल सलाइनचं नेब्युलायझेशन (यंत्राने केलेली बारीक वाफ), तेवढ्यापुरता फिल्टर काढून. फिल्टर मिळाला नाही तर ओलसर गॉज चालतो, पण कापलेला नको. कापलेल्या कडेचे धागे आत ओढले जातात.

८ नंबरच्या नळीला १२ नंबरचं सक्शन कॅथेटर. आत जाताना कॅथेटरच्या भोकावरचा अंगठा उघडा, बाहेर येताना बंद, एकूण १० सेकंद. दाब ८० ते १२० मिमी पारा ठेवा. घड्याळ लावून सक्शन करू नका. घरघर ऐकू आली, कफ दिसला, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) उतरलं की करा. उगाच केलेल्या सक्शनने श्वासनलिका सोलते, रक्ताळलेला कफ सुकतो आणि खपल्या आणखी वाढतात.

आतली नळी असलेली ट्रॅकिऑस्टॉमी बदलून देता येईल का, हे सर्जनना नक्की विचारा. रात्री एकट्या सिस्टरला फक्त आतली नळी काढून, धुऊन, परत बसवता येते. तोवर उशाशी ८ आणि ७ नंबरच्या नव्या नळ्या, डायलेटर (गळ्याचं छिद्र उघडं धरायचा चिमटा), १० मिली सिरिंज, अँबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी). वीज जाते तिथे पायाने चालणारं सक्शनही, आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला पाणी ओढून तपासलेलं.

कॅथेटर अजिबात जात नसेल तर नळीच्या फुग्यातली हवा काढा, त्याच वेळी डॉक्टरांना हाक. तरी हवा जात नसेल तर नळी काढायलाच हवी. बंद नळी जागच्या जागी ठेवून वाट बघण्यातच माणूस हातचा जातो.

रातपाळी_सिस्टर: झटक्यांचं कारण बहुधा तुमच्या फीडच्या वेळापत्रकात आहे. फेनिटॉइन फीडला धरून बसतं, शोषलंच जात नाही. डोसच्या आधी आणि नंतर निदान १-२ तास पोट रिकामं हवं, आणि दर २ तासांच्या फीडमध्ये तो वेळ उरतच नाही. फिजिशियनना दोन गोष्टी विचारा: पूर्ण दिवसाचा डोस रात्री एकदाच देता येईल का, किंवा त्याऐवजी लेव्हेटिरासिटाम हे झटक्यांचं दुसरं औषध चालेल का. त्याला फीडची अशी अडचण नाही. स्वतःहून डोस वाढवू मात्र नका.

रात्री एकदाच ठरलं तर फीड सकाळी ६ ते रात्री ८, औषध १०.३० ला, आधी आणि नंतर ३० मिली पाणी. बाटली जोरात हलवा. औषध तळाशी बसतं, म्हणून बाटलीच्या सुरुवातीला डोस कमी पडतो आणि संपत आली की जास्त होतो.

फिजिओ_कोकण: जखमेबद्दल. फीडसाठी उशी वर करता तेव्हा रुग्ण खाली घसरतो का ते बघा. कातडी चादरीला चिकटून राहते, हाड आतून सरकतं आणि नवं मांस फाटतं. आधी गुडघ्याखाली घडी घाला, मग डोकं वर करा. फीडला ४५ अंशांपर्यंत, संपल्यावर तासभर तसंच, मग ३०. त्याखाली नको, नाहीतर फीड छातीत जाईल.

मॅट्रेस असली तरी कूस बदलावीच लागते. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलता ठेवा, टाचा अधांतरी. मॅट्रेसवर एकच चादर. जाड गोधड्या घातल्या की तिचा उपयोग संपला. रबरी रिंग असेल तर आजच काढा, ती कडेने रक्तपुरवठा दाबते.

रातपाळी_सिस्टर: आणि लाल मांस दिसत असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड बंद. सलाइनने धुवा, ड्रेसिंग ओलसर राहू द्या. फीडमध्ये प्रथिनं किती, तेही मोजा. दर किलोला रोज १.२५ ते १.५ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ७५ ते ९०, नुसत्या भाताच्या पेजेतून ती मिळत नाहीत. मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघून दूध, अंडं, घोटून गाळलेली डाळ आणि प्रोटीन पावडर यांचा हिशेब डॉक्टरांकडून बसवून घ्या.

वॉर्ड_इनचार्ज: रबरी रिंग आहे. पेरॉक्साइडही रोज चालू आहे. दोन्ही आजपासून बंद. रात्री मुलगा थांबतो, त्याला सक्शन शिकवलं तर चालेल?

भूलतज्ज्ञ_तालुका: चालेल, पण दिवसा, सिस्टर शेजारी उभी असताना. आधी बघू द्या, मग तुमच्या नजरेखाली चार-पाच वेळा करू द्या. सॅच्युरेशन ९० च्या खाली गेलं तर थांबून हाक मारायची, हे त्याच्याकडून वदवून घ्या. नळी बदलणं त्याला आत्ता शिकवू नका, ते घरी सोडायच्या आधी.