लहान ऑनलाइन व्यवसायासाठी तयार टेम्पलेट पुरेसे आहे का?

धागाकर्ती (मसाले व मिठाई, महाल)

नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरातून मी सावजी मसाला आणि संत्रा बर्फी विकते. आतापर्यंत सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येत होत्या. परंतु मागच्या दिवाळीत कोणी किती पाकिटे सांगितली आणि कोणाचे पैसे जमा झाले, याचा हिशेब संदेशांच्या ढिगातून काढता काढता डोळे पांढरे झाले, म्हणून संकेतस्थळ करायचे ठरवले. एका व्यावसायिकाने ते नव्याने घडवून देण्याचे ६०,००० रुपये सांगितले. वर्डप्रेस (संकेतस्थळ चालवणारी प्रणाली) आणि वूकॉमर्स (तिला जोडायचे दुकानाचे सॉफ्टवेअर) यांवर चालणारे तयार टेम्पलेट, म्हणजे पानांचा आधीच आखलेला साचा, मला त्याच्या दशांशाहूनही कमी पैशांत मिळाले. ज्याच्याकडे विकायला आठच वस्तू आहेत त्याने टेम्पलेटच घ्यावे आणि वाचलेला पैसा छायाचित्रांवर व पॅकिंगवर खर्च करावा, असे माझे मत आहे. इतवारीत गाळा भाड्याने घेणारा माणूस भिंती नव्याने बांधत नाही. रंग देतो, फळ्या ठोकतो आणि गल्ल्यावर बसतो.

प्रतिसाद १ (संकेतस्थळे घडवणारा, धरमपेठ)

ताई, गाळा रिकामा मिळतो; टेम्पलेट मात्र आधीच्या भाडेकरूच्या सामानासकट मिळते. एकच टेम्पलेट दागिन्यांपासून व्यायामशाळेपर्यंत सर्वांना विकायचे असल्यामुळे त्यात सरकती चित्रे, हलणारी अक्षरे आणि पृष्ठरचनेची अवजारे कोंबलेली असतात, आणि आपण ती वापरली नाहीत तरी त्यांतील बराचसा कोड ग्राहकाच्या फोनवर उतरतच राहतो. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची शिफारस आहे. जड टेम्पलेट साध्या मोबाइलवर ती क्वचितच पाळते.

याहून मोठी अडचण आपल्या लिपीची आहे. बहुतेक टेम्पलेटे इंग्रजीसाठी आखलेली असतात, म्हणून त्यांच्या शीर्षकांत अनेकदा अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर सोडलेले असते. रोमन मोठ्या अक्षरांना ते शोभते, पण ‘संत्रा बर्फी’ लिहिले की शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींची उंची कमी ठेवलेली असेल तर वरचा रफार आणि खालचा उकार शेजारच्या ओळीत घुसतात. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर हाती येईल तो फॉन्ट लावतो, आणि मग एकाच वाक्यातील ‘५०० ग्रॅम’ आणि ‘500 gm’ दोन निराळ्या घरची वाटतात. मराठी ग्राहकाला नेमके काय खटकते ते सांगता येणार नाही. पण दुकान उसने आहे, एवढे त्याला जाणवते.

प्रतिसाद २ (हातमाग साड्या, गांधीबाग)

भाऊ, लिपीचा मुद्दा खरा आहे, पण तो टेम्पलेट टाकून देण्याचे कारण होऊ शकत नाही. माझे दुकान तीन वर्षे टेम्पलेटवर चालते आहे. एकदाच पस्तावलो, आणि तेही टेम्पलेटमुळे नव्हे, माझ्या कंजुषीमुळे: विकत मिळणारे टेम्पलेट कोठून तरी फुकट उतरवून घेतले आणि महिनाभरात माझ्या साड्यांच्या पानावरून लोक जुगाराच्या पानावर जाऊ लागले. फुकटात मिळालेल्या अशा प्रतींमध्ये अनेकदा घातक कोड दडवलेला असतो, हे तेव्हा कळले. ताईंना आणखी एक सांगतो: बदल मूळ टेम्पलेटमध्ये न करता चाइल्ड थीममध्ये (मूळ टेम्पलेटवर बसणाऱ्या, फक्त आपले बदल ठेवणाऱ्या वेगळ्या थरात) करा, अन्यथा पुढच्या अपडेटबरोबर सगळे पुसले जाते.

प्रतिसाद ३ (निवृत्त लेखापाल, प्रतापनगर)

आपण सगळे दिसण्यावर वाद घालत आहात. मी ग्राहक म्हणून अशी संकेतस्थळे पाहतो तेव्हा मला टेम्पलेटसोबत आलेला नमुना मजकूर जास्त धोकादायक वाटतो, कारण तो कोणी वाचतच नाही. माल परत घेण्याचे धोरण परदेशी दुकानाला साजेल असे लिहिलेले असते आणि आपला माणूस ते जसेच्या तसे ठेवतो. बर्फी ३० दिवसांत परत घेण्याचे वचन देणारा हलवाई मी प्रत्यक्ष पाहिला आहे. (परत आलेल्या बर्फीचे तो काय करणार होता, हे विचारण्याचा धीर झाला नाही.)

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करावे लागते. खाद्यपदार्थ असल्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांकही हवा. परदेशी टेम्पलेटमध्ये यांपैकी बऱ्याच गोष्टींना जागा राखलेली नसते. म्हणून माझे मत टेम्पलेटच्या विरुद्धच आहे. तयार चौकट मिळाली की माणूस चौकटीत जे नाही त्याचा विचार करीत नाही.

धागाकर्ती

काका, आपला प्रतिसाद वाचून ताबडतोब माझे पान उघडले. धोरण १४ दिवसांचे निघाले, ते काढले. शोधताना आणखी एक गोष्ट सापडली: बर्फी संपूर्ण भारतात पाठवण्याची सोय आपोआप सुरू होती. वूकॉमर्समध्ये पाठवणीचे क्षेत्र पिनकोडवरून ठरवता येते, म्हणून बर्फीसाठी ४४० ने सुरू होणारे नागपूरचे पिनकोड तेवढे ठेवले आणि मसाला सर्वत्र खुला केला. हे सारे तयार टेम्पलेटमध्येच, एका दुपारी, कोणालाही पैसे न देता झाले. म्हणून माझे मत बदललेले नाही. मात्र शिरोरेषेचे तुकडे एकदा दिसल्यापासून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ते दुरुस्त करण्यासाठी ६०,००० लागतात का?

प्रतिसाद १

नाही, ताई. अक्षरांतील अंतर शून्य करणे, ओळींची उंची वाढवणे आणि ‘मुक्ता’ या फॉन्टसारखा देवनागरी असलेला फॉन्ट लावणे, हे तासाभराचे काम आहे. वस्तू आठच्या ऐंशी झाल्या की पानाच्या वजनाबद्दल पुन्हा बोलू. तोवर मसाल्याचे एक पाकीट धरमपेठेला पाठवा.