सिरॉसिसच्या रुग्णाचा आयएनआर २.४, पोटातले पाणी काढण्यापूर्वी प्लाझ्मा द्यावा का?

प्रश्न : फिजिशियन, चोपडा

सर्वांना नमस्कार. आमच्या लहान रुग्णालयात सध्या पन्नाशीतले एक केळी उत्पादक शेतकरी दाखल आहेत. अनेक वर्षांच्या मद्यपानामुळे सिरॉसिस (यकृत व्रणांनी कठीण होणे) झाल्याचे निदान मागेच झालेले आहे. जलोदराने पोट इतके ताणले आहे की त्यांना आडवे पडता येत नाही. बिलिरुबिन ४.८, अल्ब्युमिन २.३, क्रिएटिनिन १.१, प्लेटलेट ४६,०००, पीटी (प्लाझ्मा गोठायला लागणारा वेळ) २७ सेकंद (कंट्रोल १३) आणि आयएनआर (त्याच वेळेचे प्रमाणित गुणोत्तर) २.४ असे अहवाल आहेत. ताप नाही, कोठूनही रक्तस्राव नाही. सलाईनची सुई काढल्यावर त्या जागचे रक्त नेहमीच्याच वेळात थांबले.

टॅपिंग (सुईने पोटातले पाणी काढणे) लवकर करावे असे वाटते. परंतु आमच्याकडचा प्रघात असा आहे की आयएनआर १.५ च्या खाली आल्याशिवाय पोटात सुई घालायची नाही आणि त्यासाठी आधी चार पिशव्या एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग) द्यायचा. त्या आणायला मुलाने या उन्हात जळगाव गाठायचे. हातातला कागद पुढे करून तो मला विचारत होता, "डाक्टर, रंगत इतली पातय व्हई गयी का?" (रक्त इतके पातळ झाले का?) त्याला उत्तर देण्यापूर्वी आपणा सर्वांचे मत घ्यावेसे वाटले. या आकड्यासाठी प्लाझ्मा द्यावा का? शिवाय दोन दिवसांपासून रुग्णाचा डावा पाय उजव्यापेक्षा बराच अधिक सुजला आहे. आयएनआर एवढा वाढलेला असताना पायात गुठळी होऊ शकते का?

उत्तर : यकृतरोगतज्ज्ञ, मूळ गाव रावेर

डॉक्टरसाहेब, टॅपिंग आजच करावे आणि त्यासाठी एफएफपी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यकृत फक्त रक्त गोठवणारे घटक तयार करते असे नाही. गोठण्याला आवर घालणारे प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन हेही तेथेच तयार होतात आणि सिरॉसिसमध्ये दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीने खाली येतात. पीटी ही चाचणी मात्र तागडीचे एकच पारडे पाहते. काचेच्या नळीत प्रोटीन सी ला चेतवणारे थ्रॉम्बोमोड्युलिन नसते, कारण ते रक्तवाहिनीच्या अस्तरावर असते. त्यामुळे आवर घालणारी बाजू किती दुबळी झाली आहे हे त्या आकड्यात उमटतच नाही. त्रिपोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये थ्रॉम्बोमोड्युलिन घालून मोजमाप केले, तेव्हा सिरॉसिसच्या रुग्णांत थ्रॉम्बिन (गुठळी बनवणारे मुख्य विकर) निरोगी माणसांइतकेच तयार होत असल्याचे दिसले. त्यात फॅक्टर ८ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे गोठण्याला मदत करणारे घटक वाढलेले असतात आणि प्लेटलेट कमी असल्याची भरपाई व्हॉन विलेब्रँड फॅक्टर बऱ्याच अंशी करतो.

हा तोल नाजूक असतो, हेही तितकेच खरे. जंतुसंसर्ग झाला किंवा मूत्रपिंड थकले की तो ढळतो. म्हणून आपल्या रुग्णाला ताप नाही आणि क्रिएटिनिन १.१ आहे, या दोन गोष्टींना मी आयएनआरपेक्षा अधिक वजन देईन. सुईची जागा कोरडी राहिली, हे आपण पाहिले आणि आवर्जून लिहिले, तेही फार मोलाचे आहे.

टॅपिंगपुरते सांगायचे तर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रबाऊ यांच्या मालिकेत १,१०० वेळा मोठ्या प्रमाणात पाणी काढले गेले. त्यांतील काही रुग्णांत आयएनआर ८.७ पर्यंत वर आणि प्लेटलेट १९,००० पर्यंत खाली होते, तरीही रक्तस्रावाची गुंतागुंत नोंदली गेली नाही. युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही केवळ आयएनआर सुधारण्यासाठी प्लाझ्मा देऊ नये असेच म्हटले आहे. चार पिशव्या म्हणजे जवळजवळ एक लिटर द्रव. तो थेट पोर्टल शिरेतील (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतील) दाब वाढवतो, फुगलेल्या व्हेरिसेस (अन्ननलिकेतील शिरा) त्याच दाबाने फुटतात, आणि एवढे करूनही २.४ चा १.५ क्वचितच होतो. त्या पैशांत अल्ब्युमिन आणावे. पाच लिटरपेक्षा अधिक पाणी काढल्यास प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन द्यावे आणि पाण्याचा नमुना पेशींच्या मोजणीसाठी अवश्य पाठवावा.

पायाविषयी : होय, गुठळी होऊ शकते. वाढलेला आयएनआर तिच्यापासून संरक्षण देत नाही. आजच डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करावे, त्याच बैठकीत पोर्टल शीरही पाहून घ्यावी. डी-डायमरवर (गुठळी शोधण्याच्या रक्तचाचणीवर) वेळ घालवू नये, तो या आजारात एरवीही वाढलेलाच असतो. गुठळी सापडली तर हेपॅरिनचा (गुठळी रोखणाऱ्या औषधाचा) निर्णय व्हेरिसेसची स्थिती पाहून घ्यावा. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असल्याने मात्रा ठरवताना यकृतरोगतज्ज्ञाशी बोलून घेतलेले बरे.

उत्तर : पॅथॉलॉजिस्ट, जळगाव

वरील मताशी मी सहमत आहे. प्रयोगशाळेच्या बाजूने थोडी भर घालतो.

आपला २.४ कसा आला ते पाहा. २७ भागिले १३ म्हणजे सुमारे २.०८, आणि किटवर आयएसआय (त्या किटची संवेदनशीलता सांगणारा आकडा) १.२ छापलेला असेल तर त्याचा १.२ वा घात २.४ येतो. हा आयएसआय वॉरफरिन (रक्त पातळ करणारे औषध) घेणाऱ्या रुग्णांच्या प्लाझ्मावरून ठरवलेला असतो. वॉरफरिनमध्ये जीवनसत्त्व के वर अवलंबून असलेले मोजकेच घटक घटतात. यकृताच्या आजारात फॅक्टर ५ आणि पुढे फायब्रिनोजेनही (गुठळीची जाळी ज्यापासून बनते ते प्रथिन) घटते. त्यामुळे वॉरफरिनच्या रुग्णात किट बदलले तरी आयएनआर सारखा राहतो, पण सिरॉसिसच्या रुग्णाचा तोच नमुना दुसऱ्या किटवर वेगळा आकडा देऊ शकतो. एकाच रुग्णाचे आयएनआर जोडून पाहायचे असतील, किंवा मेल्ड स्कोअर (यकृताच्या आजाराची तीव्रता मोजणारे गुण) काढायचा असेल, तर चाचणी दर वेळी एकाच प्रयोगशाळेत करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी बाब नमुन्याची. निळ्या झाकणाच्या नळीत ३.२ टक्के सायट्रेट असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण पाळावेच लागते. सुजलेल्या हातातून शीर सापडत नाही, नळी निम्मीच भरते आणि घाईत तशीच पाठवली जाते. मग जास्तीचे सायट्रेट चाचणीतले कॅल्शियम बांधून ठेवते व वेळ खोटी लांबते. हेपॅरिनने धुतलेल्या लाईनमधून रक्त घेतले तरी अहवाल बिघडतो. यावल, रावेर, चोपडा येथून येणाऱ्या नळ्या मे महिन्यात मोटरसायकलच्या डिकीत तास-तास तापतात, त्यांची अवस्था मी रोज पाहतो. नळी सावलीत, सामान्य तापमानात आणावी. बर्फात पुरू नये, कारण थंडीने फॅक्टर ७ चेतवला जातो. रक्त फार पिवळे असेल तर प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राचे वाचन चुकू शकते. कावीळ असल्याचे चिठ्ठीवर लिहिले, तर आम्ही पर्यायी पद्धतीने पडताळतो.

आणि पीटीबरोबर फायब्रिनोजेन जरूर मागवा. रक्तस्राव चालू असेल तर मला तो आकडा आयएनआरपेक्षा अधिक उपयोगाचा वाटतो. टीईजीसारखी संपूर्ण रक्ताची चाचणी मोठ्या केंद्रांत होते. आपल्याकडे ती मिळत नाही म्हणून काम अडत नाही.

उत्तर : रक्तकेंद्रातील डॉक्टर, धुळे

फायब्रिनोजेनच्या मुद्द्याला जोडून एवढेच सांगते. रक्तस्राव चालू असून फायब्रिनोजेन १०० (मिग्रॅ प्रति डेसिलिटर) च्या खाली असेल, तर एफएफपी ऐवजी क्रायो (प्लाझ्मातून वेगळा काढलेला दाट भाग) मागवावे. फायब्रिनोजेन थोडक्या द्रवात मिळते. मागणीपत्रावर केवळ "आयएनआर वाढला" असे न लिहिता रक्तस्राव आहे की नाही, कोठून आहे आणि कोणती प्रक्रिया करायची आहे, हे लिहावे. त्यावरून आम्हाला फोन करून चर्चा करता येते.

विचारणारे : फिजिशियन, चोपडा

सर, मॅडम, आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल सायंकाळी प्लाझ्मा न देता टॅपिंग केले. सहा लिटर पाणी निघाले, अल्ब्युमिन दिले, सुईच्या जागी ओझरले नाही आणि रुग्ण रात्री आडवा होऊन झोपला. डॉपलरमध्ये डाव्या फिमोरल (मांडीच्या) शिरेत गुठळी दिसली, म्हणून व्हेरिसेस पाहायला एंडोस्कोपीसाठी त्यांना जळगावला पाठवत आहे.

एक वेगळा प्रश्न. आमच्याकडे उंदीर मारण्याची पेस्ट खाल्लेली मुले-मुली येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आयएनआर ४-५ वर जातो. तेथेही प्लाझ्मा थांबवायचा का?

उत्तर : यकृतरोगतज्ज्ञ, मूळ गाव रावेर

आधी पेस्टचे वेष्टन मागवून त्यावरील घटक वाचावा. ब्रोमाडिओलोन (जीवनसत्त्व के चे काम अडवणारे विष) असेल तर यकृत शाबूत असते, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारे विकर) वाढत नाही, फॅक्टर ५ चांगला राहतो आणि जीवनसत्त्व के ने आयएनआर सुधारतो. मात्र ते अनेक आठवडे द्यावे लागते. पिवळा फॉस्फरस असेल तर गोष्ट फार गंभीर आहे. पहिल्या दिवशी उलट्या होतात, नंतर एक-दोन दिवस रुग्ण बरा दिसतो, नातेवाईक घरी नेण्याचा आग्रह धरतात आणि मग यकृत निकामी होऊ लागते. त्या बऱ्या दिसणाऱ्या दिवसांत कृपया सुट्टी देऊ नका.

या दुसऱ्या प्रकारात जीवनसत्त्व के एकदा शिरेतून द्यावे, पण रक्तस्राव नसेल तर प्लाझ्मा देऊ नये. येथे आयएनआर रक्तस्रावाचा धोका नीट सांगत नसला, तरी यकृत किती झपाट्याने ढासळत आहे हे तो अचूक सांगतो. प्रत्यारोपण लागेल का, हे ठरवण्याच्या किंग्ज कॉलेज निकषांतही तो आहे. प्लाझ्मा देऊन तो आकडा खाली आणला, तर पुढच्या डॉक्टरांना खरी अवस्था कळत नाही. दर बारा तासांनी एकाच प्रयोगशाळेत आयएनआर करावा, साखर तपासत राहावे आणि आकडा चढू लागताच, रुग्ण भानावर असतानाच, प्लाझ्मा एक्स्चेंज (रुग्णाचा प्लाझ्मा काढून दात्याचा देणे) व प्रत्यारोपणाची सोय असलेल्या केंद्राकडे पाठवावे. गुंगी सुरू झाल्यावर खानदेशातून पुणे किंवा मुंबईपर्यंतचा प्रवास फार जोखमीचा होतो.