मदत हवी आहे: जबाबात एक, आठवणीत दुसरं. साक्ष कशी द्यावी?

२०२२ च्या मारहाणीच्या खटल्यात आमचे अण्णा साक्षीदार आहेत. सांगलीच्या कोर्टात पुढच्या महिन्यात साक्ष आहे. नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ ला लागू झाले, खटला त्याच्या आधीपासून चालू, म्हणजे जुनाच पुरावा कायदा. आरोपी गावातलेच, त्यामुळे ओळख परेडचा प्रश्न नाही.

पोलिसांनी लिहिलेल्या जबाबात ‘हातात लोखंडी गज होता’ असं आहे. अण्णा म्हणतात, अंधारात हातात काहीतरी दिसलं, मारताना पाहिलं. गज हा शब्द दुसऱ्या दिवशी पारावर ऐकला. जबाबावर त्यांची सही नाही, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (CrPC) कलम १६२ प्रमाणे ती घेतही नाहीत.

सरकारी वकील म्हणाले, जबाबाप्रमाणे सांगा. मिरजेतले ओळखीचे वकील म्हणतात, दिसलं तेवढंच सांगा. अण्णांना खोटं बोलायचं नाही, पण ज्याचं डोकं फुटलं त्याचा न्यायही बुडवायचा नाही. मला हेच खरं अवघड वाटतं.

फौजदारी कोर्टाचा अनुभव असलेल्यांनी सांगावं: ‘गज पाहिला नाही’ एवढ्यावरून त्यांना फितूर ठरवतील का? ठरवलंच, तर मारताना पाहिल्याची बाकी साक्ष न्यायाधीश धरतात की तीही जाते?