घरगुती संगणकासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्डाची जोडी निवडताना मदत हवी आहे

नमस्कार.

घरातला संगणक बदलायची वेळ आली आहे आणि प्रोसेसर व मदरबोर्ड यांच्या जोडीपाशी माझा निर्णय दोन आठवड्यांपासून अडून राहिला आहे. खर्चाची मर्यादा कडक आहे, मात्र एकदा जोडलेला संगणक किमान आठ-दहा वर्षे वापरायचा आहे. त्यामुळे आज काय स्वस्त पडते यापेक्षा पाच-सहा वर्षांनी कोणती उणीव जाणवू लागेल, हे जाणकारांकडून समजून घ्यावे, या हेतूने सविस्तर लिहीत आहे.

सध्याचा संगणक २०१४ साली जोडून घेतलेला आहे. त्यात इंटेलचा आय३-४१५० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा (बोर्डावरील भागांची जोडणी सांभाळणारी चिप) मदरबोर्ड आणि ८ जीबी डीडीआर३ रॅम आहे. दोन कोअर (गणना करणारे भाग) आणि चार थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामांचे प्रवाह) असलेल्या त्या प्रोसेसरबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पत्रे टंकणे, हिशेब ठेवणे, बातम्या वाचणे ही कामे तो आजही निमूटपणे करतो. त्रास झाला तो मदरबोर्डाचा. त्यावर रॅमचे दोनच स्लॉट होते आणि ते ४ जीबीच्या दोन स्टिकांनी पहिल्याच दिवशी भरून गेले, त्यामुळे रॅम वाढवायची म्हटले की चांगल्या चालणाऱ्या दोन्ही स्टिक काढून बाजूला ठेवणे भाग होते. एम.२ एसएसडीला, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या चपट्या साठवणपट्टीला, जागा नव्हती. साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडण्याच्या जागा, चार होते, पण त्यांतले दोनच पूर्ण वेगाचे. प्रोसेसर निवडताना मी आठवडाभर तुलना केली होती आणि बोर्ड मात्र ‘ज्यावर हा प्रोसेसर बसेल तो’ एवढ्या एकाच निकषावर घेतला होता. ती घाई मला पुढची दहा वर्षे भोवली, आणि या वेळी ती चूक पुन्हा होऊ द्यायची नाही, असे मनाशी पक्के ठरवले आहे.

बदल आताच का, याचेही कारण आहे. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा-अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) तसेच इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. माझा प्रोसेसर चौथ्या पिढीचा असल्याने तो मार्ग बंद आहे. जुन्या संगणकावर लिनक्स टाकून तो फायली साठवण्यासाठी ठेवणार आहे, म्हणजे तोही वाया जाणार नाही.

नव्या संगणकाकडून अपेक्षा अशा आहेत. ब्राउझरमध्ये एका वेळी वीस-पंचवीस टॅब उघडे राहतात, मुलगी प्रोग्रॅमिंग शिकत आहे आणि तिला अधूनमधून आभासी यंत्रणा (संगणकातच चालणारा दुसरा संगणक) चालवावी लागते, आणि मी स्वतः कुटुंबाच्या जुन्या छायाचित्रांचे स्कॅनिंग व चित्रफितींचे साधे संपादन करतो. हे शेवटचे काम माझ्या फार जवळचे आहे. आईवडिलांच्या पिढीतली शेकडो छायाचित्रे अजून अल्बममध्ये फिकी पडत चालली आहेत आणि सध्याच्या संगणकावर एका मोठ्या स्कॅनची दुरुस्ती करायला लागणारा वेळ पाहिला की ते काम माझ्या हातून पुरे होईल की नाही, अशी धास्ती वाटते. खेळ कोणी खेळत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेण्याची सध्या ऐपत नाही, म्हणून प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असणे ही माझी पहिली अट आहे.

या अटीमुळे काही चांगले पर्याय आपोआप गळाले. एएमडीचा रायझन ५ ५६०० माझ्या यादीत सर्वांत वर होता, पण त्यात ग्राफिक्स नाही. बोर्डावर एचडीएमआय पोर्ट असला तरी असा प्रोसेसर लावल्यावर तेथून चित्र येत नाही, हे मला अगदी शेवटच्या क्षणी कळले. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकापुढे ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांचेही तसेच. नवख्या माणसाने हे अक्षर न पाहता खरेदी केली तर संगणक सुरू होऊनही पडदा काळाच राहील, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आता माझ्यासमोर तीन जोड्या उरल्या आहेत.

पहिली जोडी रायझन ५ ५६००जी आणि बी५५० चिपसेटचा बोर्ड. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट आणि बरे ग्राफिक्स. सॉकेट (बोर्डावरील प्रोसेसर बसण्याची जागा) एएम४ आणि रॅम डीडीआर४. हा प्रोसेसर २०२१ चा आहे, त्याची एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) १६ एमबी, म्हणजे ५६०० च्या निम्मी आहे, आणि बोर्ड पीसीआय एक्सप्रेस (कार्ड व एसएसडी जोडण्याचा मार्ग) ४.० चा असला तरी हा प्रोसेसर ३.० वरच थांबतो.

दुसरी जोडी आय५-१२४०० आणि बी६६० किंवा बी७६० चिपसेटचा बोर्ड. येथेही सहा कोअर आणि बारा थ्रेडच आहेत. सॉकेट एलजीए१७००. हा प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही प्रकारची रॅम घेतो, परंतु कोणती चालेल हे बोर्डावर ठरते. याचे धाकटे भावंड असलेला आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड ही जोडी सर्वांत स्वस्त पडते. मात्र एच६१० वर पुन्हा रॅमचे दोनच स्लॉट असल्याने मला माझ्या जुन्या एच८१ ची आठवण होऊन मागे सरावेसे वाटते.

तिसरी जोडी रायझन ५ ८५००जी किंवा ७६०० आणि एएम५ सॉकेटचा बोर्ड. येथे डीडीआर५ घेण्यावाचून पर्याय नाही. हा सॉकेट किमान २०२७ पर्यंत चालू ठेवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. परंतु बोर्ड आणि रॅम मिळून माझ्या मर्यादेबाहेर जातात आणि मग रॅम १६ जीबीवर आणि एसएसडी लहान आकारावर आणावी लागते.

माझे प्रश्न असे आहेत. चार रॅम स्लॉटांचा माझा आग्रह योग्य आहे का? पुढे प्रोसेसर बदलता यावा म्हणून आज एएम५ साठी रॅमवर आणि साठवणुकीवर पाणी सोडणे शहाणपणाचे ठरेल का? आणि ज्याला ग्राफिक्स कार्ड घ्यायचे नाही, त्याने बोर्डावर नेमके काय पाहून घ्यावे?

प्रतिसाद

आपण बोर्डाकडे लक्ष देत आहात हे उत्तमच आहे, पण जुन्या अनुभवातून काढलेला निष्कर्ष थोडा तपासून पाहावा लागेल. आपल्या एच८१ वर त्रास झाला तो स्लॉट दोन होते म्हणून कमी आणि ते छोट्या स्टिकांनी भरले गेले म्हणून अधिक झाला. त्या चिपसेटची कमाल मर्यादा १६ जीबी होती. आज डीडीआर४ ची एकेक स्टिक ३२ जीबीची मिळते, म्हणजे दोन स्लॉटांच्या बोर्डावरही ६४ जीबीपर्यंत जाता येते. डीडीआर५ मध्ये तर चार स्टिक लावल्या की रॅमचा वेग बराच खाली आणावा लागतो, म्हणून तेथे जाणकार माणसे चार स्लॉट असूनही दोनच वापरतात. तेव्हा चार स्लॉट असतील तर आनंदच आहे, पण केवळ त्यासाठी बोर्ड निवडू नका.

स्लॉटांच्या संख्येहून महत्त्वाची गोष्ट अशी की रॅम दोन स्टिकांत घ्या. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तो आपल्या रॅमचाच वाटा वापरतो. डीडीआर४-३२०० ची एकच स्टिक सेकंदाला सैद्धांतिक २५.६ जीबी देते, दोन स्टिक दोन चॅनेलवर असतील तर ५१.२ जीबी. ५६००जी आणि ८५००जी यांच्या ग्राफिक्सवर याचा परिणाम लगेच दिसतो. पैसे वाचवण्यासाठी आज एक स्टिक आणि उरलेली पुढच्या वर्षी, असा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्यावा.

एच६१० बद्दल तुमची शंका बरोबर आहे, पण तिचे खरे कारण दुसरे आहे. त्या चिपसेटवर प्रोसेसरशी थेट जोडलेला एम.२ स्लॉट मिळत नाही, एम.२ एसएसडी चिपसेटमार्फत पीसीआय एक्सप्रेस ३.० वर चालते, आणि रॅमचा वेग ठरावीक मर्यादेपुढे वाढवता येत नाही. बी६६० आणि बी७६० वर या दोन्ही अडचणी नाहीत. शिवाय व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, स्वस्त बोर्डांवर पुष्कळदा उघडाच असतो. आय५-१२४०० चा मूळ अंक ६५ वॅट असला तरी भार पडल्यावर तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. चित्रफीत तयार होण्यास अर्धा तास लागत असेल तर त्या अर्ध्या तासात तापलेला व्हीआरएम प्रोसेसरला हळू चालायला लावतो. म्हणून व्हीआरएमवर धातूचे उष्णताशोषक बसवलेले आहेत का, हे बोर्डाच्या छायाचित्रात जरूर पाहावे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. पुढे प्रोसेसर बदलता येईल, या आशेची किंमत प्रत्येकाने आपल्या सवयीवरून ठरवावी. तुमच्या एच८१ बोर्डावर आय७-४७९० सारखा चार कोअरचा प्रोसेसर बसू शकत होता, तरी दहा वर्षांत तुम्ही तो बसवला नाहीत. एएम४ च्या बाबतीत २०१७ चे कित्येक बोर्ड बायोस (बोर्डावरची मूळ प्रणाली) बदलून ५००० मालिकेपर्यंत पोचले, हे खरे आहे आणि त्याचा लाभ घेणाऱ्यांनी तो मनापासून घेतला. पण तो लाभ दर तीन-चार वर्षांनी कॅबिनेट उघडणाऱ्या माणसाचा आहे. एलजीए१७०० हा सॉकेट आता पुढे जाणार नसला तरी त्यावर आय५-१४५०० सारखा चौदा कोअर आणि वीस थ्रेडचा प्रोसेसर बसतो, म्हणजे दारे अगदीच बंद नाहीत. मात्र १३व्या-१४व्या पिढीचा प्रोसेसर कधी घेतलाच, तर आधी बायोस अद्ययावत करून घ्या. त्या पिढ्यांतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून अस्थिरता येत होती आणि त्यावरचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची दुरुस्ती) २०२४ मध्ये आले. १२व्या पिढीला हा त्रास नाही.

आपल्या कामांची यादी पाहता मी आय५-१२४०० कडे झुकतो. त्यातील यूएचडी ७३० ग्राफिक्स खेळांसाठी दुबळे असले तरी एव्ही१ या संकोचन-पद्धतीच्या चित्रफिती हार्डवेअरवर उलगडते. ५६००जी च्या वेगा ग्राफिक्समध्ये ती सोय नाही. आठ-दहा वर्षांचा विचार करत असाल तर हा फरक लहान नाही, कारण जी पद्धत ग्राफिक्सला समजत नाही, ती चित्रफीत दाखवण्याचे सगळे ओझे प्रोसेसरवर येऊन पडते. संपादनाच्या अनेक प्रणाली इंटेलच्या क्विक सिंक या, चित्रफिती हार्डवेअरवर तयार करण्याच्या, सुविधेचाही उपयोग करून घेतात.

आणखी एक प्रतिसाद

वरील मताशी सहमत आहे. दोनच गोष्टी जोडतो. जुन्या संगणकाचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) नव्यात वापरायचा मोह टाळावा. दहा वर्षांत त्यातील कपॅसिटर थकलेले असतात आणि पुष्कळ जुन्या एसएमपीएसवर प्रोसेसरसाठी चार पिनांचीच जोडणी असते, तर आजचे बोर्ड आठ पिनांची मागतात. दुसरे, एएम४ कडेच वळलात तर बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकची सोय असलेलाच घ्या. बी५५० चे पहिले बोर्ड ५००० मालिकेच्या आधी, २०२० मध्ये बाहेर पडले. जुन्या बायोसचा बोर्ड हाती आला तर ५६००जी ओळखला जाणार नाही, आणि मग प्रोसेसर न लावता, नुसत्या पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येणे हाच सुटकेचा मार्ग उरतो.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. आय७-४७९० चा उल्लेख वाचून मी थबकलो, कारण तो प्रोसेसर आपल्या बोर्डावर बसतो हे मला ठाऊक होते आणि तरीही इतक्या वर्षांत तो घ्यावा असे एकदाही वाटले नाही. रॅम आणि साठवणूक मात्र दरवर्षी कमी पडत गेली. तेव्हा एएम५ चा विचार सोडत आहे आणि वाचलेली रक्कम तेथेच लावत आहे.

आय५-१२४००, बी७६० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स आकाराचा डीडीआर४ बोर्ड, १६ जीबीच्या दोन स्टिक, १ टीबीची एम.२ एसएसडी आणि नवा एसएमपीएस, असे ठरवले आहे. चार स्लॉटांची अट काढून टाकली. तिच्या जागी व्हीआरएमवरील उष्णताशोषक आणि दोन एम.२ स्लॉट या अटी घातल्या. प्रोसेसर खोक्यातला घेणार आहे, म्हणजे सोबत पंखाही मिळेल. सुटा घेतल्यास तो वेगळा शोधावा लागतो.

निवडलेल्या बोर्डाची पुस्तिका आज शेवटच्या पानापर्यंत वाचली. दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये साटा प्रकारची एसएसडी लावल्यास एक साटा पोर्ट बंद होतो, अशी बारीक अक्षरातील टीप तेथे आहे. बोर्डावर चार साटा पोर्ट आहेत आणि माझ्याकडे छायाचित्रांच्या दोन हार्ड डिस्क व जुनी एक एसएसडी आहे, म्हणजे तीन पोर्ट पुरतात. शिवाय दुसऱ्या स्लॉटमध्ये पुढे एनव्हीएमई (साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी) एसएसडीच लावीन, म्हणजे तो प्रश्नही उरणार नाही. जोडणी झाली की बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सोय) चालू करून रॅम प्रत्यक्षात कोणत्या वेगाने धावते आणि लांबलचक चित्रफीत तयार होताना प्रोसेसरचे तापमान कुठवर जाते, ते याच धाग्यावर नोंदवतो.